पोळ्यांच्या डब्यातला प्रीॲम्प

शिंदे की छावनी, लश्कर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंतरा,

आशीर्वाद दिवाळीचेच वापर, अजून जुने झाले नसतील.

तू फोन उचलत नाहीस आणि माझे मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे कागदावर. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला लेकीशी बोलायला टपालपेटीपर्यंत चालत जावं लागतं, यावर तुझी आई पोट धरून हसली असती. जावईबापूंना मी एवढंच सांगितलंय की पाकीट मिळालं की "पोचलं" असं कळवा. बाकी मध्ये पडू नका म्हटलंय. सुश्रुत भला माणूस आहे, उगाच दोन्हीकडून भरडला जायला नको.

मी कसा आहे हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. ठीक आहे. जेवतो, झोपतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो. तुझी आई गेल्यापासून मला एकदाही रडू आलेलं नाही. लोक त्याची वाट बघत असावेत. माझे मित्र शिवाजीराव, त्यांच्या विजयावहिनी तर समोर बसून आधी स्वतः रडून दाखवतात, म्हणजे मलाही सुचावं. पण मला काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसा मी सगळाच झालोय. चावला तर रक्त येईल, पण कळणार नाही.

म्हणून ते यंत्र पुन्हा हातात घेतलंय. तुझा त्याच्यावर राग आहे हे माहीत आहे, तरी ते काय आहे ते एकदा सांगून टाकतो. रेकॉर्डवर सुई फिरते तेव्हा तिच्यातून येणारा आवाज इतका बारीक असतो की मोठ्या ॲम्प्लिफायरला त्याचा पत्ताच लागत नाही. मध्ये एक जण लागतो. तो त्या कुजबुजीला बोलण्याइतकं मोठं करतो आणि खालचे-वरचे सूर आपापल्या जागी बसवतो. त्याला प्रीॲम्प म्हणतात. विकत मिळतो, पण विकत घेण्यात काय मजा? तुझी आई अंथरुणाला खिळली त्याच्या आधीच माझा अर्धा बनून झाला होता. धातूच्या डब्यात बसवला की बाहेरच्या विजेची घरघर आत शिरत नाही, म्हणून मी तिचा पोळ्यांचा स्टीलचा डबा घेतला. "मग आता पोळ्या काय रेडिओत ठेवू?" म्हणाली, आणि दोन दिवस खरोखरच फडक्यात गुंडाळून पोळ्या माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवल्या. पोळीला पेचकसाचा वास येत होता. मी मुकाट्याने खाल्ल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इस्पितळाच्या व्हरांड्यात तू मला जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "घंटी मला हैदराबादेत फोनमधून ऐकू येत होती, आणि तुम्हाला भिंतीपलीकडे ऐकू आली नाही? हेडफोन लावून बसला असाल." अंतरा, हेडफोन खुंटीवर होते. दुपारचे चार वाजले होते आणि मी जागा होतो. पलीकडच्या खोलीत टेबलाशी सोल्डरिंग करत होतो. घंटी मला ऐकू आली नाही. का, ते मला ठाऊक नाही. तुला हे खोटं वाटतं, आणि तुझ्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

माफी मागत नाही. एकच विचारतो. ती बटण दाबत होती, मी येत नव्हतो, शेवटी ती एकटीच उठली आणि पडली. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही. म्हणजे तिचं शेवटचं बोलणं तुझ्याशी झालं, त्या फोनवर. ती माझ्याबद्दल काय म्हणाली? जे असेल ते सांग. वाईट असेल तरी सांग.

बाबा

१६ डिसेंबर २०२४

चि. अंतरा,

जावईबापूंचं "पोचलं" मिळालं. त्यापुढे काही नाही. ठीक आहे, मीही थंडीत काही फार घाईत नाही.

घरघर गेली. डब्याच्या आत अर्थिंगची तार दोन ठिकाणी जोडली गेली होती, एक मी जोडलेली आणि एक डब्याच्या झाकणाने आपण होऊन जोडलेली. झाकणाखाली रबराची पट्टी घातली आणि सगळं चिडीचूप झालं. सापडायला पंधरा दिवस लागले, पण सापडणार हे नक्की होतं. आमच्या खात्यात तक्रार आली की रीत एकच. एका टोकापासून निघायचं आणि एकेक तुकडा मोजत दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. "हा तर चांगलाच असणार" म्हणून एकही तुकडा सोडायचा नाही. दोष नेमका सोडलेल्या तुकड्यात असतो. नवीन आलेल्या प्रत्येकाकडून मी हे घोकून घेत असे, म्हणून माझ्यामागे मला "तुकडेमास्तर" म्हणायचे.

रविवारी शिवाजीराव आणि विजयावहिनी येतात. तू त्यांना लहानपणी पाहिलंयस, पडावला ज्यांची ट्रान्सपोर्टची कचेरी आहे ते. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत घोड्यावर, आणि हे थंडी पडली की दोन्ही कानांत कापसाचे बोळे, वर मफलर, वर टोपी. वहिनी डब्यातून काहीतरी आणतात, आम्ही दोन रेकॉर्डी ऐकतो, ते "वा, श्रीपादराव, एकदम ए-वन!" म्हणतात आणि निघतात. जाताना "येतो" म्हणत नाहीत, कारण दुखवट्याच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. वर्ष होईपर्यंत अशा घरात वावगंही कोणी बोलत नाही. परवा मी केलेल्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. दोघांनी कप रिकामे केले. मला ते माझा घोट घेतल्यावर कळलं.

तू म्हणशील, घंटीचं सांगा. सांगतो. देवघरातली पितळी घंटा तुझ्या आईच्या उशाशी ठेवली होती, पण तिच्या हाताला ती जड व्हायला लागली. म्हणून मी एक डबी केली. वर बटण, आत घंटी. बोट टेकलं की वाजते. कानाशी धरून वाजवून पाहिली, वाजली, उशाशी ठेवली. आवाज इतका बारीक आणि तीक्ष्ण होता म्हणे की कामाच्या बाई पहिल्यांदा दचकल्या आणि त्यांच्या हातातून ताट पडलं. त्या महिन्याभरात लीलाने ती कितीदा दाबली असेल. दर वेळी बाई जायच्या, किंवा मी आपला अधूनमधून डोकावत असायचोच. त्या दुपारी बाई सुट्टीवर होत्या.

हे मी तुला समजावतो आहे असं नाही. मलाच समजत नाही, म्हणून मांडून बघतोय.

ती काय म्हणाली ते कळव.

बाबा

२० जानेवारी २०२५

चि. अंतरा,

तिळगूळ पाठवणार होतो, पण इथे यंदा गोड करायचं नाही, आणि बाजारची तिळाची गजक पाकिटात चुरा होईल. तेव्हा नुसतंच गोड बोल. बोललीस तर.

यंत्र वाजतं, पण मनासारखं वाजत नाही. आवाजावर कोणी गोधडी टाकलीय असं वाटतं. तबला आहे, तंबोऱ्याचा खर्ज आहे, पण गाणाऱ्याच्या तोंडातला "स" कुठे गेला, झांजेची किणकिण कुठे गेली? वरचे सूर किती पुढे जाऊ द्यायचे ते एक छोटा कपॅसिटर ठरवतो. तो बदलून त्याच्याहून लहान लावला. थोडं उघडलं. आणखी लहान लावला. अजून थोडं. इंदरगंजातला दुकानदार आता मला बघताच ड्रॉवर काढून ठेवतो. "अंकल, और छोटा?" म्हणतो.

तुकडेमास्तरची रीत सोडलेली नाही. सुई नवी आणली. तारा बदलल्या. स्पीकर उघडून पाहिला. मीटर लावला तर मीटर सांगतो की पहिलाच कपॅसिटर बरोबर होता, सगळं सरळ रेषेत आहे. मीटर जुना झालाय, त्याचं मी मनावर घेत नाही. शेवटी ऐकायचं कानाने असतं. रविवारी मी शिवाजीरावांना विचारलं, "थोडं अजून उघडू का?" तर म्हणाले, "खोला, खोला, तुमच्या मनासारखं होऊ द्या." माणूस असावा तर असा.

हल्ली सगळंच गोधडीतून येतं. फोनसुद्धा. आजकालचे फोन आवाज दाबतात, आमच्या काळ्या फोनवर कसं खणखणीत ऐकू यायचं. कामाच्या बाई मला ओरडल्या परवा. "बाबूजी, कुकर कब से सीटी मार रहा है, दाल जल गई!" मी टेबलाशीच होतो. म्हटलं, लक्ष नव्हतं. लक्ष नसतंच माझं. शरीर इथे असतं आणि मी कुठेच नसतो.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तुझ्या आईला एक सवय लागली होती. काही सांगायचं असलं की स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. हात पुसत पुसत यायची, माझ्या समोर उभी राहायची आणि मग बोलायची. "दोडक्याची करू का भेंडीची?" एवढंच विचारायला. मला वाटायचं, म्हातारपणी बाईला नवऱ्याचं तोंड बघावंसं वाटायला लागलं. मी तिला चिडवायचोसुद्धा. ती "हो, फार देखणे आहात ना," म्हणायची आणि भेंडीच करायची.

आज हे लिहिताना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लिहिलं आणि पुढे गेलो.

ती काय म्हणाली, अंतरा? तू सांगत नाहीस त्या अर्थी चांगलं नसणार. मी मनाशी वाक्यं बनवून बघतो. "तुझे बाबा ऐकूनसुद्धा येत नाहीत." "त्यांना काय पडलंय माझं." यातलं कोणतं, तेवढं सांग. म्हणजे बाकीची सोडून देता येतील.

बाबा

७ एप्रिल २०२५

अंतरा,

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

काल रामनवमी, त्यात रविवार. ऊन तर असं की अंगणातल्या नळाला हात लावता येईना. शिवाजीराव आणि वहिनी नेहमीसारखे आले. मी नवा, आतापर्यंतचा सगळ्यात लहान कपॅसिटर लावला होता आणि मला वाटत होतं की आता कुठे "स" ऐकू यायला लागलाय. रेकॉर्ड लावली. शिवाजीराव डोळे मिटून मान डोलवत होते. मी पंखा वाढवायला त्यांच्या मागून गेलो तर पाहिलं, त्यांच्या कानात कापूस.

मी म्हटलं, "शिवाजीराव, एप्रिलमध्ये कसली थंडी?"

त्यांनी ऐकलं नाही. मग वहिनींनी त्यांना कोपर मारलं. त्यांनी कापूस काढला, मुठीत लपवला, आणि माझ्याकडे बघून असं हसले की चोरी पकडलेल्या पोरानेही तसं हसू नये. रेकॉर्ड चालूच होती. ते डोळे बारीक करून बसले होते.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका, पण आता बोलूनच टाकते. हे तुमचं सुरू झालं की कानात सुया टोचतात हो. ह्यांचं डोकं सोमवारी दुपारपर्यंत धरलेलं असतं."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? घरातलं माणूस गेलेलं, तुम्ही एकटे काहीतरी करून ऱ्हायलेत. वर्ष तरी होऊ दे, असं आमचं ठरलं होतं."

शिवाजीराव म्हणाले, "अरे यार, तुम्ही दर वेळेला बोलले की थोडं अजून खोलतो, थोडं अजून खोलतो. मी म्हटलं, चलो, कापूस तर आहेच घरात. तुमचं मन लागून ऱ्हायलंय, बस."

मी रेकॉर्ड थांबवली. वहिनींना वाटलं मला राग आला, त्या पदर सारखा करायला लागल्या. राग नव्हता. मी मनात पहिल्या टोकापासून निघालो होतो. सुई बदलली होती. तारा बदलल्या होत्या. डबा, कपॅसिटर, मोठा ॲम्प्लिफायर, स्पीकर, सगळं मोजलं होतं आणि सगळं सरळ होतं. मीटरने मला जानेवारीतच सांगितलं होतं. स्पीकरच्या पुढे एकच तुकडा उरत होता आणि तो मी मोजला नव्हता.

ती घंटीची डबी मी टाकलेली नाही. लीलाच्या खोलीत तिथेच आहे, उशाशी. मी वहिनींना म्हटलं, एक काम करा, आत जा आणि त्या डबीवरचं बटण दाबून धरा. त्या गेल्या. मी पलीकडच्या खोलीत माझ्या टेबलाशी जाऊन बसलो, त्या दुपारी बसलो होतो तसा, भिंतीकडे पाठ करून. शिवाजीराव दारात उभे होते.

मी वाट बघत बसलो. पंखा ऐकू येत होता. रस्त्यावरचा टेम्पो ऐकू आला. शेवटी म्हटलं, वहिनींना बटण सापडलं नसेल, आणि मागे वळून शिवाजीरावांना विचारलं, "वाजतेय का?"

"केव्हाची," ते म्हणाले.

मी उठून तिच्या खोलीत गेलो. वहिनी डबीवर बोट दाबून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अगदी खाटेजवळ गेल्यावर मला काहीतरी बारीक ऐकू आलं. डास असावा तसं.

नंतर दोघं बराच वेळ बसले. वहिनींनी भात टाकला. आम्ही जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

बाबा

१६ एप्रिल २०२५

अंतरा,

इंदरगंजात कानाची तपासणी करतात, तिथे जाऊन आलो. गरिमा नावाची मुलगी आहे, तुझ्याहून लहान. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले (हो, हेडफोनच) आणि हातात बटण दिलं. "अंकल, जब भी बीप सुनाई दे, बटन दबा देना।" ती काचेपलीकडे बसली. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलासारखा. मग बीप बंद झाले. मला वाटलं, तपासणी संपली. काचेतून बघितलं तर तिचं बोट यंत्रावर दाबलेलं होतं आणि ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "अंकल, ये आज का नहीं है। सात-आठ साल से धीरे-धीरे हो रहा होगा। घर में किसी ने नहीं बोला?" मी म्हटलं, घर में कोई बोलने वाला नहीं था. मग लक्षात आलं की हे खोटं आहे. होती की. समोर येऊन उभी राहून बोलायची.

तपासणीच्या कागदावर एक रेघ आहे. निम्म्या वाटेपर्यंत आडवी जाते आणि मग सरळ खाली उतरते. पुरुषांचं बोलणं, मोटारी, तबला, हे सगळं अलीकडे. घंटी, कुकरची शिट्टी, "स", हे सगळं पलीकडे. मी नेमका पलीकडचा आवाज निवडून लीलासाठी घंटी बनवली. पितळी घंटा मला अजून ऐकू येते, काल वाजवून पाहिली.

कागदाची प्रत सोबत जोडतो आहे. शिवाजीराव म्हणतात, "अंतराला हा दाखवा, विषय संपला, तुम्ही सुटलात." तू बघ. तुला माझ्यावर रागवायचं नसेल तर आता रागवू नकोस, आणि रागवायचं असेल तर घंटीवरून रागव, ते वाजवी आहे. पण मी ऐकून बसून राहिलो नाही, एवढं आता मलाही पक्कं माहीत आहे.

प्रीॲम्पला जानेवारीतला पहिला कपॅसिटर पुन्हा लावला, मीटरवर बघून. मला तो पहिल्यासारखाच गोधडीतून आल्यासारखा वाटतो. परवा वहिनींना ऐकवला तर त्या कापसाशिवाय रेकॉर्डची पूर्ण बाजू संपेपर्यंत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "हां, आता माणूस गातोय." कानाचं मशीन लावून मलाही पुढच्या महिन्यात कदाचित ऐकू येईल. गरिमा म्हणते, सवय व्हायला वेळ लागतो.

मी तुला नोव्हेंबरात लिहिलं होतं की मला काही वाटत नाही. आता वाटतं. क्लिनिकचा जिना उतरताना मध्येच बसलो. लोक बाजूने जात होते. एकाने पाणी आणून दिलं.

जे वाटतं ते सांगतो. हा कागद मी तुला दाखवू शकतो, शिवाजीरावांना दाखवू शकतो. लीलाला दाखवू शकत नाही. ती बटण दाबत होती, तिच्या कानात ती घंटी घणघणत होती, आणि भिंतीपलीकडे तिचा नवरा बसलेला होता. तिला काय वाटलं असेल? सगळं आयुष्य माझ्याबरोबर काढून शेवटी ती हे समजून उठली की मला हाक ऐकू येते आणि मी येत नाही. मी गेल्यावर तिला भेटेन वगैरेवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. म्हणजे हे असंच राहणार.

म्हणून शेवटचं विचारतो. यापुढे विचारणार नाही. ती काय म्हणाली?

बाबा

हैदराबाद
२३ एप्रिल २०२५

बाबा,

शनिवारी सकाळी पोचते आहे, एकटीच. स्टेशनवर येऊ नका, या उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं काही कारण नाही. मी रिक्षाने येईन. दार उघडं ठेवा, कारण बेल तुम्हाला ऐकू येणार नाही.

तुमची सगळी पत्रं वाचली आहेत. पहिलं आठवडाभर तसंच ठेवलं होतं, बाकीची आली त्या दिवशी वाचली. पोळीला पेचकसाचा वास आला हे वाचून हसले आणि मग हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

तुम्ही प्रत्येक वेळी एकच विचारलंत आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि मला ते नको होतं. तुम्हाला बरं वाटू नये असं मला वाटत होतं. तुम्ही दहाव्याच्या दिवशी टेबलाशी बसून त्या डब्याचं झाकण उघडत होता, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

त्या दिवशी ती माझ्याशी लोणच्याबद्दल बोलत होती. मोहरी किती, मीठ किती. मध्येच म्हणाली, थांब गं, बाथरूमला जायचंय, यांना बोलावते. घंटी वाजली. मी फोन कानापासून लांब धरला, एवढी मोठी वाजत होती. थांबली, पुन्हा वाजली. असं बऱ्याचदा झालं. मी म्हटलं, "बाबा करतायत काय? ऐकून ऐकत नाहीयेत का?"

ती म्हणाली, "नाही गं. ऐकू आलं असतं तर आले असते."

एवढंच म्हणाली, बाबा. आवाजात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. मोहरी किती घालायची ते सांगावं तसं सांगितलं. मला तेव्हा वाटलं, ही नेहमीसारखी तुम्हाला सांभाळून घेते आहे. माझ्या लहानपणी तुम्ही काही विसरलात की ती असंच काहीतरी म्हणायची. तुमचा तो तपासणीचा कागद आला तेव्हा मला कळलं की ती तुम्हाला सांभाळून घेत नव्हती, जे खरं होतं तेच सांगत होती. तिला माहीत होतं. तुमच्या आधी माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल, आणि समोर येऊन उभी राहत असेल. तुम्ही बनवलेली वाक्यं सगळी सोडून द्या. त्यातलं एकही ती बोलली नाही.

यापुढचं मी सुश्रुतलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारलंत तिचं शेवटचं बोलणं काय, आणि ते तिथे संपलं नाही.

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, "बस तू मरेपर्यंत त्यांचीच बाजू घेत."

ती हसली. "बरं बाई," म्हणाली, आणि फोन उशीवर ठेवून उठली.

अंतरा